बोलायला कुणी शिकवलं?

मरे एमेनो हे द्रविड भाषांचे मोठे अभ्यासक. १९३५ ते १९३८ या काळात ते भारतात हिंडत होते, तेव्हा वर्ध्याकडच्या कोलामांची बोली त्यांनी ऐकून ऐकून टिपून घेतली. तिचं व्याकरण पुस्तकरूपाने आलं १९५५ साली. संस्कृत पचवलेल्या आणि कान तयार असलेल्या माणसाला एका छोट्या भाषेसाठी एवढा खटाटोप करावा लागला. चंद्रपूर जिल्ह्यात माणिकगडच्या डोंगरावर, जिवती तालुक्यातल्या कोलामगुड्यावर, कोलामी बोलणाऱ्या घरातलं चार वर्षांचं पोर मात्र त्या पुस्तकातले बहुतेक नियम बिनचूक पाळत असतं. अजून त्याला चड्डीची नाडी बांधता येत नाही. पुरुषासाठी क्रियापदाचं रूप कोणतं, बाकीच्यांसाठी कोणतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. सांगणार तरी कोण? ते नियम त्याच्या आईलाही मांडून दाखवता येणार नाहीत. ती फक्त बोलते.

मूल पहिली भाषा कशी शिकतं हे समजून घ्यायला चंद्रपूर-गडचिरोलीसारखी जागा शोधून सापडणार नाही. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा बारा तालुक्यांचा, पण भाषांची सरमिसळ एखाद्या छोट्या देशाला पुरेल इतकी. आरमोरी-देसाईगंजकडे झाडीबोली, कोरचीच्या सीमेवर छत्तीसगढी, धानोऱ्याला गोंडी, भामरागडला माडिया, सिरोंच्यात प्राणहिता-गोदावरीच्या काठी तेलुगू. पूर्व पाकिस्तानातून आलेले निर्वासित चामोर्शी-मुलचेऱ्याच्या जंगलात वसवले गेले, त्यांची बंगाली आहेच. इकडे बल्लारपूरच्या कोळसा आणि कागदाच्या पट्ट्यात हिंदी नि तेलुगू. जिवतीच्या बाजारात तर कोलामी, गोंडी, बंजारा आणि मराठवाड्यातून आलेल्यांची मराठी एकाच दिवशी कानावर पडते. इथलं मूल शाळेचा उंबरा ओलांडतं तेव्हा एक भाषा त्याच्या तोंडी पक्की बसलेली असते, दुसरी कानात असते आणि तिसरीतल्या चार शिव्या त्याला येत असतात.

मार्च-एप्रिलात मोहफुलांचा हंगाम असतो. फुलं रात्रीतून गळतात, म्हणून बाया पहाटेच टोपल्या घेऊन निघतात. दीड वर्षाचं मूल कडेवर, नाहीतर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कमरेला. झाडाखाली पोचल्यावर त्याला पालापाचोळा झाडलेल्या जागेवर बसवायचं आणि कामाला लागायचं. मग तीन-चार तास बाया एकमेकींशी बोलत राहतात. यंदा फूल कमी की जास्त, कोणतं झाड कुणाचं, व्यापारी काय भाव देतो, कुणाची सून माहेरी गेली. मुलाशी थेट बोललं जातं ते फार थोडं: घे, टाक, तोंडात घालू नको, तिकडे मुंग्या आहेत. मधेच बहीण त्याला उचलते, त्याच्या मुठीतलं फूल काढून टोपलीत टाकायला लावते, त्याने टाकलं की हसते. पोर पुन्हा टाकतं. एवढाच काय तो धडा.

या गलक्यातून भाषा शिकायची म्हणजे काय काय उलगडावं लागतं, ते पाहू. बोलण्याचा प्रवाह सलग असतो. लिहिताना आपण दोन शब्दांत जागा सोडतो, बोलताना सोडत नाही. ज्यांना तेलुगू येत नाही त्यांनी सिरोंच्याच्या बसमध्ये कान देऊन ऐकावं. शब्द कुठे संपला नि दुसरा कुठे सुरू झाला, काही पत्ता लागत नाही. तान्ह्या मुलासाठी जगातली प्रत्येक भाषा अशीच असते.

सुरुवात मात्र जन्माच्या आधीच झालेली असते. गर्भाचा कान शेवटच्या तिमाहीत काम करू लागलेला असतो. पोटातल्या पाण्यातून शब्द स्पष्ट ऐकू जात नाहीत, पण आवाजाचा चढउतार आणि ठेका पोचतो. १९८० साली अमेरिकेत अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी अवघ्या काही दिवसांच्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली. एका लयीत चोखलं की आईचा आवाज ऐकू येई, दुसऱ्या लयीत चोखलं की परक्या बाईचा. बाळं आईचा आवाज मिळेल अशा लयीत चोखू लागली. २००९ मध्ये जर्मनीतल्या काथलीन वर्मके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३० फ्रेंच आणि ३० जर्मन नवजात बाळांचं रडणं तपासलं. फ्रेंच बाळांचं रडणं चढत जाणारं निघालं, जर्मन बाळांचं उतरत जाणारं, म्हणजे ज्या त्या भाषेच्या वळणाचं. तेव्हा भामरागडजवळच्या हेमलकशाच्या दवाखान्यात जन्मलेलं माडिया बाळ आणि चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात जन्मलेलं मराठी बाळ पहिल्या दिवशी भाषेच्या बाबतीत सारखंच कोरं असतं, असं म्हणता येत नाही.

तरी एका बाबतीत दोघं सारखी असतात. जगातल्या कोणत्याही भाषेतले बहुतेक ध्वनिभेद त्यांना ऐकू येतात. याचा गाजलेला पुरावा आपल्या त आणि ट मधून मिळाला. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांना तो कळेनासा झाला होता, कारण त्यांच्या घरी हा भेद कुणी करतच नव्हतं. म्हणजे वर्षाच्या आत मूल नवे ध्वनी कमावतं त्यापेक्षा बिनकामाचे सोडून जास्त देतं. साहेबाला ‘टाटा’ आणि ‘ताता’ एकच वाटतात म्हणून आपण हसतो. पण इंग्रजीतले दोन वेगळे व आपल्यालाही एकच वाटतात, हे विसरतो.

मराठी घरातलं मूल याच काळात एक अशी गोष्ट कानात साठवतं की जी आपल्या लिपीतही दिसत नाही. जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे जगून राहा, या दोन्हींतला ज एकाच अक्षराने लिहितात, पण बोलताना ते वेगळे असतात. अंकलिपीत हा भेद नाही, पाठ्यपुस्तकात तो कुणी शिकवत नाही, आणि मराठी मातृभाषा असलेलं मूल त्यात सहसा चुकत नाही.

झाडीपट्टीतल्या मुलाचं गणित आणखी वेगळं. झाडीबोलीत ण आणि ळ नाहीत. पाण्याला पानी, डोळ्याला डोरा, काळ्याला कारा. वऱ्हाडात गेलात तर तोच डोळा डोया होतो. आरमोरीच्या मुलाने आपल्या आईच्या, आजीच्या, गल्लीच्या भाषेतले ध्वनी चोख उचललेले असतात. ळ त्याच्या जगात नव्हताच. पहिलीत ते ‘डोरा’ म्हणतं आणि बाहेरून आलेले गुरुजी वहीत नोंद करतात, उच्चार अशुद्ध. हा दोष जिभेचा नसतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीचा नियमबद्ध अभ्यास करून दाखवला, १९९२ पासून तिची साहित्य संमेलनं भरतात, वडशाची झाडीपट्टी रंगभूमी दर हिवाळ्यात रात्ररात्र माणसं जागवते. तरी शाळेतली ती नोंद काही पुसली जात नाही.

सहा-सात महिन्यांचं झालं की बाळ बाबाबा, दादादा सुरू करतं. प, ब, म, द हे ओठांचे आणि दातांचे ध्वनी तोंडाला सोपे, म्हणून ते आधी येतात, आणि जगभरच्या आईबापांना वाटतं की पोराने आपल्यालाच हाक मारली. गंमत म्हणजे ही बडबड आवाजावाचूनही होते. लॉरा पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट यांनी १९९१ मध्ये दाखवलं की हातवाऱ्यांची भाषा बोलणाऱ्या बधिर आईबापांची बधिर बाळं त्याच वयात हातांनी बडबडतात. भाषेला आवाजच हवा असं नाही. समोरचं माणूस हवं.

ऐकू न येणाऱ्या ज्या बाळाच्या घरी अशी हातांची भाषा कुणालाच येत नाही, त्याचं मात्र अवघड होतं. ते सुरुवातीला इतरांसारखेच आवाज काढतं, आणि घरच्यांना काही कळत नाही. नंतर शब्दांसारखी बडबड लांबते किंवा विरते. खेड्यात ‘याचा बापही उशिराच बोलला होता’ म्हणून वर्ष-दोन वर्षं निघून जातात. वाहता कान तर कुणी आजारच धरत नाही. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, तेव्हा वर्षाचं होऊनही बडबड न करणारं किंवा मागून आलेल्या आवाजाला मान न वळवणारं मूल मुद्दाम पुढे करावं. भाषेच्या बाबतीत गेलेली पहिली तीन-चार वर्षं पुढे भरून काढणं फार कठीण जातं.

आता त्या सलग प्रवाहातून शब्द सुटे कसे होतात? जेनी सॅफ्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये आठ महिन्यांच्या बाळांना फक्त दोन मिनिटं एक बनावट, सपाट, न थांबणारी अक्षरमाळ ऐकवली. तिच्यात तीन-तीन अक्षरांचे काही ‘शब्द’ लपवले होते. कोणत्या अक्षरामागून कोणतं नेहमी येतं, एवढाच काय तो सुगावा होता. बाळांनी तो पकडला. मोहाच्या झाडाखाली बसलेलं पोर असाच हिशेब मांडत असतं. ‘पानी दे’, ‘पानी आन’, ‘पानी सांडलं’, यात पा-मागून नी दर वेळी येतो, पण नी-मागून काय येईल याचा नेम नसतो. म्हणजे तिथे शब्दाची शीव. हा हिशेब ते जाणूनबुजून करत नाही, पण करतं खरं.

आपल्याकडच्या मोठ्या माणसांनी बाळांसाठी आणखी एक सोय केलेली आहे. भाताला मम्मं, गाईला हम्मा, जखमेला बाऊ, बाहेर जाण्याला भुर्र. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी १९६४ मध्ये मराठीतल्या या बाळबोलीवर स्वतंत्र निबंध लिहिला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतल्या बाळबोलींची तुलना केली. त्या सहांत सीरियातली अरबी, इंग्रजी, स्पॅनिश यांच्या पंक्तीला मराठी होती. अक्षरांची पुनरुक्ती, जोडाक्षरांना फाटा, चढा स्वर, हे सगळीकडे सापडलं. पोरकट वाटणाऱ्या या बोलीकडे विद्वानांनी गंभीरपणे पाहिलं, आणि त्यात मराठी पहिल्या पंगतीला होती, याचं मला कौतुक वाटतं.

पण म्हणून बाळबोलीवाचून भाषा येत नाही, असं समजायचं कारण नाही. पापुआ न्यू गिनीतल्या कालुली लोकांत बाळाशी बोबडं बोलत नाहीत. बाळाला मांडीवर बाहेर तोंड करून बसवतात, माणसांकडे. बांबी शिफेलिन यांनी हे सविस्तर नोंदवलं आहे. मेक्सिकोतल्या त्सेल्ताल मायांच्या एका खेड्यावरच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीन वर्षांखालच्या मुलांना उद्देशून होणारं बोलणं तासाला चार मिनिटांहूनही कमी भरलं. तरी त्यांचा पहिला शब्द, शब्दांची पहिली जोडी, सगळं साधारण वेळेवर. शहरातल्या घरांत अलीकडे चित्रांची कार्डं दाखवून ‘धिस इज ॲपल’ चालतं, आणि जंगलातली बाई बाळाशी पुरेसं बोलत नाही म्हणून आपण तिच्याबद्दल हळहळतो. त्या हळहळीला फारसा आधार नाही. मुलाला काम करणारी, भांडणारी, हसणारी, एकमेकांना काहीतरी मागणारी माणसं लागतात. मोहाच्या झाडाखाली ती भरपूर असतात.

माणसांऐवजी पडदा चालतो का, याचंही उत्तर आहे. पॅट्रिशिया कूल यांच्या प्रयोगात अमेरिकी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी चिनी बोलणारी माणसं बारा बैठकांत खेळली, बोलली. त्या बाळांना चिनी भाषेतले ध्वनिभेद कळू लागले. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तेच खेळ, पण पडद्यावर दाखवले. त्या बाळांना काहीही कळलं नाही. हे २००३ सालचं. आता एटापल्लीच्या पुढेही मोबाईलचे मनोरे पोचलेत, आणि रोवणीच्या दिवसांत रडणाऱ्या पोराच्या हाती फोन देऊन आई बांधीत उतरते. तिला दोष देण्याचा हक्क चिखलात न वाकणाऱ्याला नाही. फोनने पोर गप्प होईल. त्यातून बोलायला शिकेल एवढी अपेक्षा मात्र ठेवू नये.

वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो, दीड-दोन वर्षांत दोन शब्दांची जोडी लागते, आणि पुढच्या दीड-दोन वर्षांत जे होतं ते पाहून अभ्यासकही थक्क होतात. इथे मुलाच्या चुका लक्षपूर्वक ऐकाव्यात. मूल म्हणतं, ‘आई येली’. ‘मी घेलं’. ‘मी करलं’. घरात ‘येली’ कुणीच म्हणत नाही. मग ते आलं कुठून? बस-बसली, पळ-पळाली, तर ये-येली. मुलाने नियम काढला आणि तो नियम न पाळणाऱ्या शब्दालाही लावला. आधी ते ‘आली’ नीट म्हणत होतं, तीन वर्षांचं झाल्यावर ‘येली’ म्हणू लागलं, की आईला वाटतं पोर मागे पडलं. खरं तर ते पुढे गेलेलं असतं: आधी पाठ केलेलं बोलत होतं, आता घडवून बोलतंय. जीन बर्को यांनी १९५८ मध्ये मुलांना कधी न ऐकलेल्या, बनावट शब्दांची अनेकवचनं करायला लावली आणि मुलांनी ती केली. त्याच्या आदल्या वर्षी बी. एफ. स्किनर यांनी भाषा ही सवयीने आणि शाबासकीने लागते असं मांडलं होतं, आणि १९५९ मध्ये नोम चॉम्स्की यांनी त्यावर घणाघाती टीका केली. भाषेचं किती जन्मजात आणि किती ऐकीव, हा वाद अजून मिटलेला नाही. ‘येली’ पोराने पोपटासारखी उचललेली नाही, एवढं दोन्ही पक्षांना मान्य आहे.

मराठी मुलाला आणखी एक नाजूक भेद साधावा लागतो, आम्ही आणि आपण यांतला. ‘आपण बाजारात जाऊ’ म्हटलं तर त्याला चपला घालायच्या असतात. ‘आम्ही बाजारात जातो’ म्हटलं तर घरी थांबायचं असतं, आणि तीन वर्षांचं पोर हे ऐकून बरोबर त्याच जागी भोकाड पसरतं. हिंदीत हा भेद नाही, संस्कृतात नव्हता. मराठीने तो द्रविड शेजाऱ्यांकडून घेतला असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. तेव्हा गोंडी ही मराठीची दूरची, रानातली, मागासलेली कुणीतरी, असं समजणाऱ्यांनी जपून असावं. आपल्या बोलण्यात त्या घरचं देणं आहे.

गोंडी, माडिया, कोलामी या द्रविड कुळातल्या भाषा. त्यांची नाळ मराठीपेक्षा तेलुगूशी जवळची. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषकांची संख्या ३० लाखांच्या आसपास भरली, कोलामी भाषक सव्वा लाखाच्या वर. गोंडीत पाण्याला येर म्हणतात. आकडे असे: उंदी, रंड, मुंद, नालुंग, सैयुंग, सारुंग, येरुंग. सातापुढे अनेक बोलींत मराठी-हिंदीच आकडे चालतात. क्रियापदाला मराठीसारखी तीन लिंगं नाहीत. एक रूप पुरुषांचं, दुसरं उरलेल्या साऱ्यांचं: बाई, गाय, झाड, नदी सगळी एका रांगेत. या व्यवस्थेत वाढलेलं मूल मराठी बोलताना ‘बाई आलं’ म्हणून गेलं तर वर्ग हसतो. मराठी मुलाला जर्मन शिकवा. चंद्र पुल्लिंगी, सूर्य स्त्रीलिंगी आणि मुलगी नपुंसकलिंगी म्हटल्यावर तेही असंच धडपडेल.

दोन भाषा कानावर पडल्या की मूल गोंधळतं, बोलायला उशीर करतं, हा समज शहरात जेवढा पक्का तेवढाच आश्रमशाळेच्या शिक्षकखोलीत. संशोधन त्याच्या बाजूने नाही. दोन भाषांत वाढणारी मुलं लहानपणापासून त्या वेगळ्या ओळखतात आणि कुणाशी कोणती बोलायची हे दोन-अडीच वर्षांत त्यांना साधतं. मधे एका वाक्यात दोन्ही येतात, पण तसं तर मोठी माणसंही करतात. भाषावार मोजलं तर एकेका भाषेतले शब्द थोडे कमी भरतात, दोन्ही मिळून मोजले तर कमी भरत नाहीत. ओडिशातले मानसशास्त्रज्ञ अजित मोहंती यांनी फुलबनीच्या कंध मुलांवर केलेलं काम तर आपल्या फारच जवळचं, कारण कंधांची कुई ही गोंडीच्याच कुळातली. कुई टिकवून ओडिया शिकलेली मुलं, कुई हरवून फक्त ओडिया बोलणाऱ्या कंध मुलांपेक्षा, भाषेचा विचार करायला लावणाऱ्या चाचण्यांत सरस ठरली.

मोठ्यांना हेच किती जड जातं, ते हेमलकशाला दिसलं. डिसेंबर १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले, तेव्हा रोग्याला काय दुखतंय हे विचारायलाही भाषा नव्हती. एकेक शब्द विचारत, चुकत, दोघं माडिया शिकली. त्यांची मुलं प्रकल्पाच्या शाळेत माडिया मुलांबरोबरच वाढली, शिकली. घरात मराठी आणि अंगणात माडिया अशा वातावरणात मुलांना भाषेचे वर्ग लागत नाहीत.

मग अडतं कुठे? अंगणवाडीत अडत नाही. अंगणवाडी सेविका त्याच गावची असते, ती मुलाशी त्याच्याच बोलीत बोलते. सहाव्या वर्षी मूल पहिलीत बसतं, समोर दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेले गुरुजी, फळ्यावर प्रमाण मराठी. एका भाषेत व्याकरणासकट पारंगत असलेल्या मुलाला त्या क्षणी काहीच येत नाही असं ठरतं. उंदी-रंड-मुंद मोजणाऱ्याला मोजता येत नाही, अशी नोंद होते. मूल गप्प बसतं. पुढची पायरी म्हणजे पालकांना सल्ला: घरी गोंडी बोलू नका, मराठी बोला, म्हणजे पोर सुधारेल.

हा सल्ला मनापासून दिलेला असतो आणि सपशेल चुकीचा असतो. आईला मराठी मोडकीतोडकी येते. त्या मराठीत ती ये, जेव, झोप, शाळेत जा एवढंच म्हणू शकेल. पाऊस का लांबला, आज्याने वाघ कुठे पाहिला, पंडुमच्या सणाला कोण कोण येणार, कालचं भांडण कशावरून झालं, हे तिला गोंडीतच सांगता येतं. तिने गोंडी सोडली की मुलाला चांगली मराठी मिळत नाही आणि समृद्ध गोंडीही जाते. पोराच्या वाट्याला येतात दोन अर्धवट भाषा, आणि त्याचा ठपका पुन्हा आईवरच.

कायदा या बाबतीत आईच्या बाजूचा आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेलं कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं यासाठी राज्यांनी सोयी कराव्यात असं सांगतं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आणि २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही मातृभाषेचाच आग्रह धरतात, ‘शक्य तेथवर’ अशी पळवाट ठेवून. गोंडी अजून घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली वाट न पाहता गोटुलाच्या, म्हणजे गावातल्या पारंपरिक युवागृहाच्या, परंपरेला धरून स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली. तिला सरकारी मान्यता नव्हती, जिल्हा परिषदेने ती बेकायदा ठरवली आणि प्रकरण न्यायालयात गेलं. मातृभाषेत शिकवा म्हणणाऱ्या कायद्याच्या राज्यात मातृभाषेत शिकवणारी शाळा बेकायदा ठरते, यावर वेगळी टिप्पणी करायची गरज नाही.

सगळ्या शाळा उद्या गोंडी माध्यमाच्या होणार नाहीत, आणि व्हाव्यात असं इथल्या सगळ्या पालकांनाही वाटत नाही. नोकरी, बाजार, तहसील मराठीत चालतात, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. मराठी हवीच. पण ती पहिल्या भाषेच्या खांद्यावर उभी राहते, तिला गाडून नाही. म्हणून भामरागड, एटापल्ली, धानोरा, जिवतीकडे यंदा बदलून गेलेल्या शिक्षकांना विनंती आहे. पहिल्या आठवड्यात अंगणवाडी ताईंकडून सातापर्यंतचे आकडे आणि रोजच्या वापरातले पन्नासेक शब्द लिहून घ्या, पहिली मोजणी मुलांच्या भाषेत करा, मग मराठी आकडे शेजारी मांडा. आणि पालकसभेत आई-बापांना स्पष्ट सांगा: घरी तुमच्याच भाषेत बोला, भरपूर बोला, मराठी शिकवण्याचा पगार आम्हाला मिळतो.